तारी भाजायची रीत

८ सप्टेंबर

तोगझान, बाळ,

तुझी चिठ्ठी आणि बरणी रेल्वेच्या डब्यावरच्या शोल्पाननं काल गाडीतून उतरवून दिली. बरणी रिकामी परत पाठवू नये म्हणून तू तिच्यात सफरचंदाच्या वाळवलेल्या चकत्या भरल्यास, हे रीतीला धरून झालं. चकत्या मी चाखल्या. कुरकुरीत आहेत, आंबटगोड आहेत. त्यांनी कुणाचं पोट भरायचं ते मात्र मला कळलं नाही. शेजारच्या रिस्तीनं मूठभर खाल्ल्या आणि म्हणाली, "सून गुणाची आहे गं तुझी, कुन्सुलू!" तिला बोलायला काय जातं.

दौरेननं फोन करायला मना केलं आहे म्हणून हे लिहिणं. माझा आवाज ऐकला की इसाताय रात्रभर रडतो म्हणे. "आई, थोडे दिवस फोन नको करूस, पोराला इथल्या शाळेत रुळू दे." पोटचा मुलगा असं सांगतो आणि मी "बरं" म्हणते. आता शोल्पानचीच गाडी तेवढी माझ्या हातात राहिली. चुलीवर तारीसाठी वरी उकडत ठेवली आहे, ती होईपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं लिहिते.

तू विचारलंस, हा खातो तरी काय? तुझं सूप सरकवून देतो, भाजी बोटांनी बाजूला काढतो आणि दुकानातले वेफर्स मागतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे, हे सगळं बंद करा, घरचं काही कुरकुरीत करून द्या. बाई शहाणी दिसते. इथे त्यानं वेफर्स पाहिलेही नव्हते असं लिहिणार होते, पण स्टेशनावरच्या दुकानात ते मिळतात आणि तुझे सासरे गेले त्या हिवाळ्यात मीच त्याला घेऊन देत होते. रडायचा, मग काय करणार.

एरवी त्याचं खाणं साधं आहे. सकाळी दुधाच्या चहात मूठभर भाजलेली तारी घालायची. ती भिजून मऊ व्हायच्या आत चमच्यानं गाठून खायची, हा त्याचा खेळ. दुपारी दह्यावर तारी, वर थोडी साय. खेळून आला की लोणी आणि मध घालून वळलेला तारीचा लाडू. आणि खिशात कायम वाळवलेल्या दह्याचे दोन-चार कुरूत. सोबत दोन्हींची पिशवी पाठवते आहे. कुरूत त्याला चघळू दे, चावू देऊ नकोस, दात हलतो आहे.

आता दुसरी गोष्ट. शाळेच्या फाटकात त्यानं तुला "वहिनी" म्हणून हाक मारली आणि बायका वळून बघायला लागल्या. अगं, त्यात त्याचं काय चुकलं? पहिला नातू आजी-आजोबांचा. तुझ्या सासऱ्यांनी त्याला तान्हा असताना कोटाच्या आत घेतला, तेव्हापासून तो आमचा धाकटा मुलगा. मला तो आपा म्हणतो, आईला म्हणावं तसं. मग दौरेन त्याचा दादा झाला आणि तू वहिनी. तुम्ही दोघांनी माझ्यासमोर त्याला कधी मांडीवर घेतलं नाहीत, मान राखलात, हे मी विसरलेले नाही. अल्मातीच्या बायकांना आपली रीत ठाऊक नसेल तर त्यांनी खुशाल वळून बघावं.

नव्या वर्षापर्यंत बघायचं आणि तिथे रमला नाही तर परत आणायचा, असं आपलं ठरलं आहे. हे दौरेन विसरेल, तू विसरू नकोस. वरी तडकायला लागली, उठते.

तुझी आपा


२७ सप्टेंबर

तोगझान,

पिशवी संपलीसुद्धा, हे वाचून आनंद झाला. म्हणजे पोर खातं आहे. तू लिहितेस, "आपा, तुम्ही किती दिवस पाठवत राहणार? मला रीत लिहून पाठवा, मी घरी करीन." खरं सांगू? आनंद तिथेच थोडा कमी झाला.

तू इथे होतीस तेव्हा उखळापाशी तू असायचीस आणि कढईपाशी मी. पाखडणंही तुझ्याकडेच होतं. सुनेच्या हातात कढई लगेच देत नाहीत, माझ्या सासूनंही दिली नव्हती. तेव्हा तू जे बघितलंस ते भाजून झाल्यानंतरचं. त्याच्या आधीचं तुला कुठून ठाऊक असणार? यात तुझा दोष नाही.

आधी कुरूत शीक. सायीसकट दही लाव, चांगलं आंबट होऊ दे. मंद आचेवर इतकंच गरम कर की पाणी वेगळं व्हावं. मग फडक्यात बांधून रात्रभर टांग. जो चक्का उतरेल त्यात मीठ मळ, मीठ थोडं जास्तच वाटलं पाहिजे. लहान लहान गोळे वळ, म्हणजे लवकर वाळतात. उन्हात घालायला तुझ्याकडे अंगण नाही, तेव्हा सज्ज्यात चाळणीवर पसर आणि वरून जाळीचं फडकं टाक. रोज उलटायचे. बाहेरून कडक आणि मधे किंचित ओलसर असतानाच काढ, म्हणजे खाताना कुडुम वाजतात पण दगड होत नाहीत. मिठाला घाबरू नकोस आणि डॉक्टरीणबाईंनाही घाबरू नकोस.

तारीचं नंतर सांगते. थोडी थंडी पडू दे.

चिठ्ठीच्या शेवटी तू एक ओळ लिहिली आहेस, की परवा वीज गेली तेव्हा तो आपणहून तुझ्याजवळ येऊन झोपला. मला बरं वाटावं म्हणून लिहिलं असशील. रिस्तीला मी तुझ्या चिठ्ठ्या वाचून दाखवते, ती ओळ नाही दाखवली. का ते माझं मलाच सांगता येणार नाही. इथे त्याचं अंथरूण मी अजून उचललेलं नाही.

तुझी आपा


१३ ऑक्टोबर

तोगझान,

दोनदा मागितलंस, आता नाही म्हणता येत नाही. लिहून घे.

वरी नीट निवडायची. दोनतीन पाण्यांनी धुवायची, कापडावर पसरून खडखडीत वाळवायची आणि मग सरळ भाजायला घ्यायची. कढई जाड बुडाची हवी. तिच्यात आधी वाळू तापवायची. वाळूत दाणा सगळीकडून सारखा भाजतो आणि करपत नाही. टोकाला फडकं गुंडाळलेली काठी घेऊन हात न थांबवता ढवळत राहायचं. दाणा सोनेरी झाला, वास सुटला की चाळणीतून वाळू गाळून टाकायची. पुढचं तुला येतं. गार झाली की कांडायची, कोंडा पाखडून काढायचा. शहरात उखळ कुठलं, खलबत्त्यात थोडी थोडी घे.

वाळू पाठवते आहे. टेकडीमागची, धुऊन वाळवलेली, हीच आपण वापरतो. तिथली नदीची वाळू घेऊ नकोस, तिच्यात माती असते. गोणी पाहून शोल्पान म्हणाली, "म्हातारे, आता वाळूपण गाडीनं धाडतेस? उद्या विहीर चढवशील डब्यात!" मी म्हटलं, "सून मागेल ते द्यायला नको का?" सगळा फलाट हसला.

गोणी घरापासून हातगाडीवर आणली मी. म्हणजे मी काही हातचं राखते असं कुणाच्या मनात येऊ नये.

तुझी आपा


४ नोव्हेंबर

तोगझान,

जमलं नाही म्हणतेस. दाणा दगडासारखा राहिला, कांडला तर त्याचं पीठ झालं, कोंडा सुटला नाही. इसातायनं एक घास तोंडात घेतला आणि म्हणाला, "ही आपाची नाही." खोटं कशाला लिहू, ते वाचून मला बरं वाटलं. लगेच वाईटही वाटलं, पण आधी बरं वाटलं.

पहिल्या वेळी कुणाचंच जमत नाही. हात बसायला वेळ लागतो. गॅसची आच एका जागी लागते, त्यामुळेही असेल. तुझी कढई पातळ असेल.

आता तू जे विचारलंस त्याचं. इंटरनेटवर बायका सांगतात की वरी आधी उकडून घ्या, मग भाजा. सांगत असतील. जगात कुणी काय करावं ते मी कोण सांगणार? आणि मी पहिल्या पत्रात "वरी उकडत ठेवली आहे" असं लिहिलं होतं, तेही तुझ्या ध्यानात आहे. चांगलं ध्यान आहे. ती वरी कोंबड्यांची होती, तोगझान. थंडीत त्यांना उकडून घालते मी. लिहिता लिहिता तारीचं नाव आलं असेल. आपल्याकडे तारीला उकडत नाहीत. इंटरनेटचं ऐकायचं की माझं, ते तूच ठरव.

दौरेन दोन आठवडे तेलाच्या विहिरींवर असतो आणि तू पोराला घेऊन एकटी असतेस, तुझी नोकरीही आहे. एवढा खटाटोप कशाला करतेस? मी पाठवते की. पाठवायला मला कधी जड झालं आहे का?

तुझी आपा

ता. क. शाळेत त्यानं "माझं घर" असं चित्र काढलं, त्यात आपली गाय आहे आणि गच्चीवर तू कपडे वाळत घालते आहेस, असं लिहिलंस. दोन्ही एकाच चित्रात कशी मावली?


२६ नोव्हेंबर

तोगझान, बाळ,

मनगटाला फोड आलेत का? तापलेली वाळू हातावर सांडली, हे तू अर्ध्या ओळीत लिहून मोकळी झालीस आणि पुढचं सगळं पानभर तारीबद्दल. मेंढीच्या शेपटीची चरबी पाठवते आहे, रोज रात्री लाव. डागही राहणार नाही.

तू लिहिलंस, "मी तुमचंच ऐकलं, आपा. इंटरनेटवरच्या बायकांना इसाताय कुठे ठाऊक आहे?" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं.

आता मात्र ऐक. तू भाजणं थांबव. मोठी पिशवी पाठवते आहे, ती हिवाळाभर पुरेल. त्याला सांगायचं असेल तर सांग की तूच केलीस. मी काही म्हणणार नाही.

परवा रिस्ती आली होती. मी कढईपाशी होते. म्हणाली, "सून रोज भाजते म्हणतेस, मग जमत कसं नाही तिला? उकडून घेते ना आधी?" मी तिला चहा दिला आणि तिच्या जावयाची चौकशी केली. जावयाचं नाव काढलं की रिस्तीला दुसरं काही सुचत नाही.

कोंबड्या बऱ्या आहेत. तू विचारलंस म्हणून लिहिते. सुनेनं सासूच्या कोंबड्यांची एवढी काळजी करावी, हे कुठे ऐकलं नव्हतं. त्यांना थंडीत काय काय घालते हेही विचारलंस. घालते काहीबाही.

झोप नीट लागत नाही हल्ली. वय झालं, दुसरं काही नाही.

तुझी आपा


१८ डिसेंबर

तोगझान,

तुझं पत्र मिळालं. दौरेन सुट्टीत त्याला इथे आणतो आहे आणि तू लिहितेस, त्याला वाटलं तर तो इथेच राहू दे.

तू लिहिलंस की हल्ली तो तुझी तारी निमूट खातो, म्हणून तुला वाटलं अखेर जमली. मग चादर बदलताना उशीखाली दाणे सापडले. मूठभर, कागदात नीट बांधलेले. "तो माझं मन राखतो, आपा. एवढ्याशा पोराला जिचं मन राखावं लागतं ती कसली आई? तुमच्या हातात बरकत आहे, माझ्या हातात नाही. तो तुमचाच आहे. मी उगाच हट्ट केला."

मला जे हवं होतं ते तू लिहून दिलंस. मी लगेच कामाला लागले. त्याची गादी उन्हात घातली, लोकरी मोजे विणून पुरे केले, इथल्या शाळेतल्या बाईंशी जाऊन बोलले. "घेऊ की त्याला, केव्हाही आणा," म्हणाल्या. येताना मी स्टेशनावरून आले. शोल्पानची गाडी नव्हतीच त्या दिवशी, तरी बाकावर बसून राहिले. रिस्तीच्या सुनेनं मला हाताला धरून घरी आणलं, तिला वाटलं मला चक्कर आली.

तुला एक लिहायचं होतं. आता नको, हात गारठलेत. तू म्हणशील तसं होईल.

तुझ्या हातात बरकत नाही हे मात्र पुन्हा लिहू नकोस. मला ते वाचवत नाही.

आपा


५ जानेवारी

तोगझान,

हे पत्र तुझ्याच हातात द्यायचं, दौरेन फलाटावर असला तरी त्याला नाही, असं मी शोल्पानकडून वदवून घेतलं आहे.

तारीची वरी आधी उकडायची असते. धुऊन कढईत भरपूर पाणी घालून उकडायची, दाण्याचं तोंड तडकलं की उतरवायची, निथळून पसरायची आणि वरचं पाणी सुकलं की मग वाळूत भाजायची. उकडलेला दाणा आतून फुलतो, म्हणून भाजल्यावर कुरकुरीत होतो आणि उखळात कोंडा सोडतो. न उकडता भाजली तर जगातल्या कुठल्याच बाईच्या हातून ती होणार नाही. माझ्याही हातून नाही. कोंबड्यांना मी कधी काही उकडून घातलेलं नाही, त्या कोंडा खातात.

मी विसरले नव्हते. हे आधी लिहून टाकलं, नाहीतर पुढचं लिहिताना मी पुन्हा काहीतरी पळवाट काढली असती.

इसाताय आला. दौरेननं त्याला उतरवलं, चहा घेतला आणि तो दुपारच्या गाडीनं विहिरींवर गेला. पोर उंच झालं आहे, गालफडं बसली आहेत. मी ताजी तारी करून ठेवली होती. दह्यावर घालून वाडगं पुढ्यात ठेवलं. त्यानं संपवलं, पुन्हा मागून घेतलं. मी समोर बसून बघत होते. तेव्हा कुणी माझं तोंड बघितलं असतं तर सगळं कळलं असतं.

मग म्हणाला, "आपा, ही दाताला लागत नाही."

"मग कुठली लागते?"

"वहिनीची. पण तिला सांगायचं नाही हं. मी पहिल्यांदा म्हटलं ना, ही आपाची नाही, तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन रडली. नळ सोडून रडते ती. तरी कळतं."

"मग खायची कशाला?"

"ती समोर बसते ना! ती उठली की मी कागदात बांधून ठेवतो."

मी विषय बदलला. गाय दाखवली, मोजे घातले पायात, शाळेतल्या बाई त्याला बघायला उत्सुक आहेत म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "कशाला?" मी म्हटलं, "आता तू इथेच राहायचं. तुला आवडेल ना?" तो मोज्याचा धागा ओढत बसला. मग विचारतो, "मग दादा विहिरींवर गेला की वहिनी एकटीच?"

"मी पण एकटीच असते रे."

"तुझ्याकडे रिस्ती आहे."

आहे खरी रिस्ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच कढई ओढून घेऊन आला. "मला शिकव, आपा. मी वहिनीला दाखवीन. तिला येत नाही, तुझ्या पत्रातून नीट कळत नाही तिला." मी वरी निवडली, धुतली. त्याला स्टुलावर उभं केलं. तेव्हा मला वाटलं, अजूनही वेळ आहे, पोराला काय कळतंय, वाळवून सरळ भाजून दाखवावी. खरंच वाटलं, तोगझान. हात कापडाकडे गेलाही होता. पण मग तीही दगड झाली असती आणि ती त्यानं माझ्यासमोरही निमूट खाल्ली असती. मी कढईत पाणी ओतलं.

तो म्हणाला, "ही कोंबड्यांची का?"

"का रे?"

"वहिनी म्हणाली, उकडलेली कोंबड्यांची असते. आपानं लिहिलंय." मग तो उकळत्या पाण्यात बघत राहिला आणि वर बघून विचारलं, "म्हणजे आपण कोंबड्यांची खातो?"

मी हसले आणि मग मला हसणं थांबवता येईना आणि ते हसणं राहिलं नाही. तो घाबरला. स्टुलावरून उतरून त्यानं माझा झगा धरला. मी त्याला म्हटलं, "नाही रे राजा. ही तारीचीच आहे. मी तुझ्या वहिनीला खोटं सांगितलं."

"का?"

"तिला जमू नये म्हणून. तुला तिथलं आवडू नये आणि तू परत माझ्याकडे यावास म्हणून."

त्यानं विचार केला. कपाळाला आठ्या घालून केला, तुझ्यासारखा. आणि म्हणाला, "पण मी आलोच असतो ना. सुट्टी होती."

बस, एवढंच. रागावला नाही, रडला नाही. "वरी तडकली बघ," म्हणाला आणि पुन्हा स्टुलावर चढला. सुट्टी होती म्हणून तो आलाच असता. मी वाळू गोणीत भरून गाडीनं धाडली, तुझा हात भाजवला, तुला न्हाणीघरात रडवलं आणि सहा वर्षांच्या पोराला खोटं खायला शिकवलं. कशासाठी? जे मला मिळणारच होतं त्यासाठी.

नाही, हेही पुरं खरं नाही. मला त्याचं सुट्टीत येणं नको होतं. तो माझाच हवा होता. तुझे सासरे गेल्यावर या घरात "आपा" म्हणून हाक मारणारा तेवढाच एक उरला होता आणि त्या वीज गेलेल्या रात्री तो तुझ्या कुशीत जाऊन झोपला, हे वाचल्यावर मला वाटलं की आता तोही गेला. तू मला बरं वाटावं म्हणून लिहिलेल्या ओळीनंच मी वाईट झाले. तू इंटरनेटचं ऐकलं असतंस तर पहिल्याच खेपेला जमलं असतं. सगळं जग एक सांगत होतं आणि मी दुसरं, तरी तू माझं ऐकलंस. मला लाज वाटते. कुठे तोंड लपवू कळत नाही.

चरबी लावलीस का? डाग राहिला असेल तर मला बघायचा आहे.

हे दौरेनला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी त्याची आई आहे म्हणून गप्प बसू नकोस. उशीखालच्या दाण्यांवरून तू स्वतःला जे बोललीस ते मात्र परत घे. ते दाणे माझ्यामुळे तिथे गेले. तू कशी आई आहेस ते मला तुझ्या पोरानं सांगितलं, नळ सोडून रडली तरी ज्याला कळतं त्या पोरानं.

हे पत्र या फेरीला जाईल. शोल्पानच्या पुढच्या फेरीला मी इसातायला घेऊन निघते आहे. शाळा सुरू होऊन एखाद-दोन दिवस बुडतील, बाईंची समजूत घाल. येताना कढई आणते आहे, जाड बुडाची, माझ्या सासूची. ती आता तुझ्याकडे राहील. परत पाठवलीस तर मी घेणार नाही.

गाडीत सांगायचं ते मी त्याला आत्ताच सांगितलं आहे. "वहिनी नाही म्हणायचं, आई म्हणायचं." त्यानं विचारलं, "मग तुला काय म्हणू?" मी म्हटलं, आजी म्हण. दिवसभर तो म्हणून बघतो आहे आणि मी "ओ" द्यायला शिकते आहे. दोघांनाही अजून सवय नाही.

गाडी सकाळी लागते. मी आधी त्याला खाली देईन. तू त्याला उचलून घे. लोकांसमोर घे, माझ्यासमोर घे, अजिबात लाजू नकोस. मग माझ्याकडे बघ. "उतरा" म्हणालीस तर उतरेन. काही न बोलता वळून गेलीस तर कढई फलाटावर ठेवीन आणि डब्यातच बसून राहीन. परतीची जागा शोल्पाननं धरून ठेवली आहे. का, ते तिला मी सांगितलेलं नाही.

सासूला बघितलं की वाकून सलाम करायची तुला सवय आहे. या वेळी करू नकोस. वाकायचं ते मी वाकेन, गुडघे दुखतात म्हणून डब्याच्या दारातूनच.

कुन्सुलू